विमानाशी नाते : सून

"सूनबाई, त्याचा हातमोजा परत करायचा राहिलाय बघ. तेवढा देऊन टाक."

सासऱ्यांनी हे इतक्या सहज सांगितलं, जणू शेजाऱ्यांची शिडी परत करायची राहिली असावी. मी "हो बाबा" म्हटलं आणि त्यांची उशी सारखी केली. दोन दिवसांनी बाबा गेले.

हातमोजा होता एका वैमानिकाचा. साठ वर्षांपूर्वी, युद्ध चालू असताना, बाबांच्या घरामागच्या शेतात एक लढाऊ विमान पडलं. बाबा तेव्हा नऊ वर्षांचे. वैमानिक स्वतःच्या पायांनी बाहेर आला, हातमोजा काढून बाबांच्या हातात दिला, "सांभाळ, मी येतो" अशी खूण केली, आणि लष्कराची गाडी त्याला घेऊन गेली ती गेलीच. नाव ठाऊक नाही, गाव ठाऊक नाही. बाबांनी मात्र तो मोजा साठ वर्षं डांबराच्या गोळ्या घालून सांभाळला. तपकिरी चामड्याचा, डाव्या हाताचा. थंडी पडली की म्हणायचे, "त्या बिचाऱ्याचा एक हात गारठत असेल."

आमच्या ह्यांचं म्हणणं, आजारी माणसाला हो म्हणायचंच असतं. असतं ना. पण माझी अडचण वेगळी. माझे रोजचे तीन नेम आहेत. पहिला, चहाच्या आधी देवाच्या फळीवर दिवा आणि गॅलरीतल्या कुंडीतलं एक तांबडं फूल. दुसरा, उठल्यापासून सकाळी दहापर्यंत मौन. तिसरा, खोटं बोलायचं नाही. अगदी "वा, छान झालंय" हेसुद्धा नाही. या तिसऱ्यामुळे लोक मला सहसा जेवायला बोलावत नाहीत. तर तिसऱ्या नेमानुसार माझं "हो बाबा" खरं करून दाखवणं मला भाग होतं.

माणूस शोधायचा तर आधी विमान ओळखायला हवं, आणि विमानाचा पुरावा म्हणजे एक फोटो. गावच्या शाळामास्तरांनी काढलेला, काळा-पांढरा, पोस्टकार्डाच्या निम्मा. विमान नाक जमिनीत खुपसून, शेपूट वर करून पडलेलं, जसं काही खाटेखाली चप्पल शोधतंय. पंखावर बाबा, घसरणारी चड्डी एका हाताने धरून. उजव्या कडेला काहीतरी काळं, लांबट, अर्धवट लोंबतंय. तो फोटो मी बाबा गेल्याच्या दुसऱ्या दिवशी देवाच्या फळीवर ठेवला, देवाला आठवण राहावी म्हणून. माझी स्मरणशक्ती चांगली आहे; त्याच्याकडे व्याप फार. महिनाभराने ह्यांना काळजी वाटली की दिव्याच्या धुराने फोटो खराब होईल, म्हणून त्यांनी तो होता तसा उचलून काचेच्या चौकटीत घातला आणि मागून बावीस खिळे मारले. एवढ्याशा चौकटीला बावीस. हे पाणीपुरवठा खात्यात आहेत. गळतीची धास्ती त्यांच्या रक्तात आहे.

देवाने दहा महिने काहीच केलं नाही, तेव्हा मी हालचाल सुरू केली.

पहिला सल्ला घरातलाच. आमच्या मागच्या खोलीत आत्याबाई राहतात, बाबांची थोरली बहीण. कान उत्तम, जीभ त्याहून उत्तम. त्यांचं मत साठ वर्षं एकच. "विमान नव्हतं न् काही नव्हतं. औषध फवारायचं यंत्र असेल. मोजा कुणातरी माळ्याचा. धाकटा पहिल्यापासून थापाड्या."

"अहो पण फोटो आहे ना, आत्याबाई."

"फोटोवाल्याच्या पडद्यापुढे माणूस चंद्रावरसुद्धा उभा राहतो. मी काही पाहिलं नाही. मी त्या दिवशी घरी होते."

दुसरा सल्ला समोरच्या बाईंचा. त्या म्हणाल्या, "कुठल्याही एका विमानाचं नाव लिहून टाका. विमान काय नाही म्हणायला येणार आहे?"

तिसरा खालच्या मजल्यावरच्या मोजणीदार काकांचा. त्यांनी पस्तीस वर्षं जमिनी मोजल्या. निवृत्त झाल्यापासून त्यांना मोजायला काही मिळत नाही. ते फीत आणि भिंग घेऊन आले. "नऊ वर्षांचा मुलगा म्हणजे चार फूट दोन इंच. त्याच्या मापाने पंख मोजू." मोजले. विमान आमच्या इमारतीपेक्षा लांब निघालं. काका दोन मिनिटं छताकडे बघत राहिले आणि म्हणाले, "ताई, आकडा चुकत नसतो. तुमचे सासरे बुटके असणार." आमच्या घराण्याची उंची अशी बाहेरच्या माणसाने कमी करावी हे मला लागलं. पण बाबा बुटके होते. तिसरा नेम. मी गप्प बसले.

मग काकांनी भिंग विमानाच्या कुशीवर, शेपटीजवळ नेलं आणि श्वास रोखला. "ताई! तांबडा गोळा!"

खरंच. विमानाच्या अंगावर चांगला ठसठशीत तांबडा गोळा होता. इतके महिने रोज समोर असून माझं लक्ष गेलं नव्हतं. एकतर दिवा लावताना मी चष्मा काढते, आणि दुसरं म्हणजे मी बघायची ती बाबांची चड्डी. काका हलक्या आवाजात म्हणाले, "हे चिन्ह आपल्या बाजूचं नाही. शत्रूचं विमान आहे हे. ब्रशच्या रेषा बघा, एका बिंदूतून पंख्यासारख्या निघाल्यात. आपल्याकडे अशी रंगवायची पद्धत नाही."

आत्याबाईंनी कप बशीत इतक्या जोरात ठेवला की चहा मोजणीच्या कागदावर उडाला. "शत्रू म्हणे! शत्रू असा वाकून आभार मानतो होय?"

"आत्या, तू तर म्हणतेस विमान पडलंच नाही," हे म्हणाले.

"धाकटा सांगायचा, ते सांगतेय," असं म्हणून त्या उठून खोलीत गेल्या आणि दार लावून घेतलं.

आता अधिकृत मत हवं. शहरात विमानांचं संग्रहालय आहे आणि त्यात 'विमान ओळख कक्ष' आहे. फोनची वेळ सकाळी नऊ ते दहा. मौनाची वेळ दहापर्यंत. देवाला विनोदाचं अंग आहे हे मला तरुणपणीच कळलं होतं, पण तो ते इतक्या काटेकोरपणे वापरेल असं वाटलं नव्हतं. फोन ह्यांनी केला. मी शेजारी पाटी घेऊन बसले.

"नमस्कार. आमच्याकडे एक विमान आहे," हे म्हणाले. मग थोडं ऐकून, "नाही नाही, अंगणात नाही. फोटोत. कुठलं ते? तेच तर विचारतोय. अनुक्रमांक? अहो, अनुक्रमांक माहीत असता तर तुमच्या दारात कशाला—"

मी घाईने पाटीवर लिहिलं, 'नम्रपणे'.

"नम्रपणे!" ह्यांनी फोनमध्ये वाचून दाखवलं.

कक्षाने अर्ज पाठवला. नमुना अकरा-ब. त्यात सातवा प्रश्न होता, 'अर्जदाराचे अपघातग्रस्त विमानाशी नाते'. मालक, वैमानिक, वैमानिकाचा वारस, इतर. 'इतर'च्या पुढे बोटभर जागा. मी दोन दिवस विचार केला आणि लिहिलं, 'सून'.

"विमानाची सून?" हे ओरडले.

"यातलं खोटं काय ते सांगा. विमान सासऱ्यांकडचं."

आठ दिवसांनी अर्ज परत आला. वर शेरा, 'सून असल्याचा पुरावा जोडावा'. मी लग्नाचा दाखला जोडला. तो चालला. हे म्हणाले, इतक्या वर्षांत त्या दाखल्याचा हा पहिलाच उपयोग.

मग फोटो घेऊन कक्षात हजेरी. तिथले अधिकारी म्हणजे सडपातळ, कॉलरपर्यंत बटणं लावलेले, आवाज माझ्यासारखाच खालच्या पट्टीतला. आमच्या दोघांच्या बोलण्यात एकमेकांचं काही ऐकू येत नव्हतं. कक्षातले बाकीचे त्यांना शेपटीसाहेब म्हणत, कारण ते विमान शेपटीवरून ओळखत. पंखांचे तज्ज्ञ वेगळे होते आणि ते रजेवर होते. मी म्हटलं, चौकट उघडून बघा ना. साहेब दचकले. खिळे काढणं हे जतन विभागाचं काम, त्याला नमुना चौदा, आणि जतन विभाग सध्या स्वतःचंच छत जतन करण्यात गुंतला होता. म्हणून पुढचा सगळा अभ्यास काचेवरून झाला.

दोन महिन्यांनी अहवाल आला, चौदा पानी. नुसत्या तांबड्या गोळ्यावर पाच पानं. 'रंगाची छटा कडेला गडद, मध्ये फिकी. ब्रशच्या रेषा एका बिंदूतून निघालेल्या. शत्रूच्या एखाद्या अज्ञात तुकडीचे चिन्ह असावे.' पुढे, 'बाकी बांधणी आपल्या हरिकेन विमानाशी हुबेहूब जुळते. शत्रूने आपले विमान पळवून त्यावर स्वतःचे चिन्ह रंगवले असावे, असे प्रथमच उघडकीस येत आहे.' आणि उजव्या कडेच्या त्या लोंबत्या वस्तूविषयी, 'तुटलेली एरियलची तार, टोकाला फडफडणारी पट्टी'.

मोजणीदार काकांनी ही बातमी जिन्यातून वर येता येता पाच मजल्यांना सांगितली. आम्ही तिसऱ्यावर राहतो. दुसऱ्या दिवशी फलकावर सूचना लागली, 'इमारतीत शत्रूपक्षाची वस्तू बाळगणाऱ्या सभासदाने लेखी कळवावे.' मी लेखी कळवलं, 'आमच्याकडे. डावा.' त्यानंतर समोरच्या बाईंनी साखर मागायला येणं बंद केलं, आणि सेक्रेटरी जिन्यात दिसले की माझ्या दोन्ही हातांकडे बघायचे.

खरा घोर वेगळाच होता. साहेबांनी कळवलं की शत्रूच्या वैमानिकांच्या नोंदी आपल्याकडे नाहीत. माणूस सापडणं आता अशक्य. म्हणजे माझं "हो बाबा" खोटं ठरणार. मी फळीसमोर बसून देवाला म्हटलं, "तू सगळं बघतोस म्हणतात. मग त्या दिवशीही बघत असशील. एक नाव सांगायला तुझं काय जातं?" देव फुलाआडून बघत राहिला. त्यालाही बहुतेक दहापर्यंत मौन असतं, आणि दहानंतरही.

संग्रहालय मात्र खूश होतं. फोटो कायमच्या प्रदर्शनात लागणार, समारंभ होणार, साहेबांना बढती मिळणार. समारंभ पाहुण्यांच्या सोयीने सकाळी साडेनऊला. म्हणजे मी मौनात. आत्याबाईंनी येणार नाही म्हणून सांगितलं होतं, आणि निघायच्या वेळी त्या ठेवणीतलं लुगडं नेसून सगळ्यांच्या आधी दारात उभ्या होत्या.

दालनात चाळीसेक खुर्च्या. मोजणीदार काका पहिल्या रांगेत, मांडीवर भिंग. फोटोला संग्रहालयाची काच बसवायची म्हणून जतन विभागाच्या माणसाने ह्यांचे बावीस खिळे काढले. सतराव्या खिळ्याला प्रमुख पाहुण्यांनी घड्याळ बघितलं. मग उघडा फोटो टेबलावर ठेवून साहेब बोलू लागले. शत्रूची चलाखी, तुकडीचं चिन्ह, एरियलची तार.

"तार!" आत्याबाई माझ्या शेजारी पुटपुटल्या.

साहेब म्हणाले, "हा तांबडा गोळा साठ वर्षं आपल्याला ओरडून सांगत होता की हा वैमानिक आपला नव्हता—"

"अहो, काळ्या-पांढऱ्या फोटोत तांबडं कुठून आलं ते आधी सांगा!"

आत्याबाई उभ्या होत्या. चाळीस माणसं, चौदा पानं, एक भिंग आणि मी. कुणाच्या म्हणजे कुणाच्याही हे डोक्यात आलं नव्हतं. साहेब चाचरत म्हणाले, "हाताने रंगवला असेल... त्या काळी पद्धत होती..." पण तोवर आत्याबाई टेबलाशी पोचल्या होत्या. त्यांनी रुमालाचं टोक जिभेला लावलं आणि नातवाच्या गालावरचा डाग काढावा तसं ते शत्रूचं चिन्ह खसाखसा पुसलं.

चिन्ह निघालं. निघालं ते अख्खंच निघालं आणि रुमालाला चिकटून वर आलं. एक वाळलेली तांबडी पाकळी. ब्रशच्या रेषा म्हणजे तिच्या शिरा.

"हे... हे कुणाचं?" साहेबांनी विचारलं.

दहा वाजायला सोळा मिनिटं होती. मी हात वर केला.

सगळे माझ्याकडे बघू लागले. हे उठून म्हणाले, "ती दहाला सांगेल." आणि खरोखर चाळीस माणसं, प्रमुख पाहुण्यांसह, सोळा मिनिटं बसून राहिली. भिंतीवरच्या घड्याळाचा काटा इतक्या लोकांनी एकत्र कधी बघितला नसेल. दहाचा ठोका पडल्यावर मी उभी राहिले आणि सांगितलं, की रोज ओलं फूल मीच ठेवते. त्याची पाकळी फोटोवर पडून चिकटली असणार आणि ह्यांनी तिच्यासकट काच बसवली. शत्रू आमच्या कुंडीतला आहे. माझा आवाज मुळात लहान. मागच्या रांगेने दोनदा परत सांगायला लावलं. एका वाक्याची लाज तीन हप्त्यांत सोसायची वेळ माझ्यावर कधी आली नव्हती.

साहेब खाली वाकून फोटो बघत राहिले. मला वाटलं, माणूस मोडला. पाच पानं पाकळीवर लिहिली त्याने. मग त्यांनी मोजणीदार काकांच्या मांडीवरचं भिंग न विचारता उचललं. पाकळीखाली आपल्याच बाजूचं चिन्ह होतं, आणि त्याच्या शेजारी, शेपटीकडे, बारीक पण स्वच्छ, दोन अक्षरं आणि तीन आकडे. अनुक्रमांक!

"बाई," साहेब म्हणाले, आणि पहिल्यांदाच त्यांचं बोलणं मला नीट ऐकू आलं, "यावरून तो माणूस सापडेल."

त्यांची बढती गेली असं पुढे ऐकलं. पण त्यांनी ती पाकळी पाकिटात घालून, वर नोंद क्रमांक टाकून फायलीत लावली, आणि वस्तूशी नाते या रकान्यात स्वतःच्या हाताने लिहिलं, 'सून'.

तीन आठवड्यांनी त्यांचं पत्र आलं. वैमानिक हयात. वय त्र्याऐंशी. निवृत्त सैनिकांच्या निवासात राहतो, इथून बसने दोन तास. साहेबांनी त्याला आधी लिहून विचारलं होतं, आणि त्याने उत्तर धाडलं होतं, 'डावा मिळाला, आनंद आहे. उजवाही सापडला का?'

आम्ही हसलो. हे म्हणाले, "म्हातारा चांगलाच चिवट दिसतो. एक मिळाला तर दुसरा मागतोय." मोजणीदार काका म्हणाले, वय झालं की आकडे चुकतात. आत्याबाई तेवढ्या हसल्या नाहीत. ताटातलं तसंच ठेवून उठल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी सव्वाआठची बस गाठायची म्हणून मी दिवा-फूल लवकर उरकलं, हातमोजा पिशवीत घातला आणि हे झोपेत असताना आवाज न करता दार उघडलं. बाहेर जिन्याच्या वरच्या पायरीवर आत्याबाई बसल्या होत्या. पायात चपला, मांडीवर त्यांची जुनी पत्र्याची पेटी.

मी भुवयांनी विचारलं, काय?

"बोलू नकोस," त्या म्हणाल्या. "नाहीतरी बोलणार नाहीसच. म्हणून तर हीच वेळ धरली."

त्यांनी पेटी उघडली. आत डांबराच्या गोळ्या, आणि उजव्या हाताचा तपकिरी हातमोजा.

"त्याचे हात भाजले होते. पट्टी बांधायला दोन्ही मोजे काढले. एक धाकट्याला दिला, एक मला. शेताकडे फिरकायचं नाही अशी आईची सक्त ताकीद होती मला. घरी आले तर विचारलं, कुठे होतीस. म्हटलं, घरीच होते." त्यांनी पेटीचं झाकण लावलं. "एकदा तोंडातून गेलं. मग साठ वर्षं घरीच राहावं लागलं."

मी त्यांच्या शेजारी पायरीवर बसले.

"धाकट्याला सांगितलं होतं, माझं नाव घेऊ नकोस. नाही घेतलं. मी त्याला चारचौघांत थापाड्या म्हणायची. एकदा तरी उलटून म्हणावं की नाही, की ही पण होती तिथे? नुसता हसायचा, बुटका." त्यांनी डोळे पुसायला काढलेला रुमाल तोच होता, पाकळीवाला. "आणि तुझे ते साहेब! तार म्हणे. पट्टी म्हणे. माझी वेणी होती ती, रिबिन लावलेली. मास्तरांना फोटोत नीट घेता येईना."

मला हसू आलं आणि ते मौनात बसत नाही, म्हणून मी पदर तोंडाला लावला.

"हसतेस काय. घरी कुणी विचारलं तर तू खरं ते सांगणार ना? नेम आहे ना तुझा?"

मी मान हलवली.

"मग सांग," आत्याबाई म्हणाल्या. "मला आता जमायचं नाही, सवय नाही."

मी पिशवी उघडून पुढे धरली. त्यांनी उजवा मोजा डाव्याशेजारी ठेवला आणि माझ्या खांद्याचा आधार घेऊन उठल्या. आम्ही एकेक पायरी उतरू लागलो. त्या बोलत, मी ऐकत. दहाला अजून दोन तास होते.